गाडीच्या पोटातले आवाज

आमचं घर कधी गप्प नसायचं, हे आधीच सांगून टाकते. वरठीच्या कारखान्यापासून सायकलनं अर्ध्या तासावर आमचं गाव, गावाच्या कडेला आमची बस्ती, आणि बस्तीच्या टोकाला, धानाला पाणी पुरवणाऱ्या बोडीच्या पाळीजवळ आमचं कवेलूचं घर. बोडीत बेडकं, पाळीवर पोट्टे आणि घरात आम्ही, कोण जास्त ओरडतं याची जणू पैज लागलेली. आई लोकांची पोलकी शिवायची. तिच्या मशीनच्या चाकाचा एक दात कधीचा तुटलेला, त्यामुळे ते सरळ चालायचंच नाही. खट खट खट करत यायचं, मध्येच ठेच खायचं आणि पुन्हा खट खट. ती ठेच आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की कुणाच्या घरचं धड मशीन ऐकलं तर मला चुकल्यासारखं व्हायचं. परसात चांदी नावाची शेळी होती. तिचा आवाज मधोमध फाटलेला. ओरडायला सुरुवात करायची शेळी म्हणून आणि संपवायची दाराच्या बिजागरीसारखी. माझी मोठी बहीण रेखाताई ओट्यावर बसून अंगातल्या हाडांची नावं मोठमोठ्यानं पाठ करायची. तिला नर्स व्हायचं होतं, आणि ते तिनं इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं होतं की बस्तीतल्या म्हाताऱ्या आतापासूनच तिला आपले सुजलेले पाय दाखवू लागल्या होत्या.

आणि संध्याकाळी बाबांची शिटी. कारखान्यातून सायकलवर येताना पाळीच्या वळणापासून ते शिटी वाजवायला लागत. कुठल्या गाण्याची चाल म्हणाल तर कुठल्याच नाही. सूर वर वर चढत जायचा आणि टोकाला जाऊन नुसता सोडून दिलेला, जसं कुणी विहिरीत वाकून हाक मारावी आणि उत्तराची वाट बघावी. आधी बारीक, मग जवळ, मग अगदी दारात. ती ऐकली की आई भाताचं गंज उतरवायची, लाखोळीच्या डाळीला फोडणी द्यायची, आणि बोडीतल्या मासोळ्या मिळाल्या असतील त्या दिवशी सांबार चिरायला मला बसवायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी उगाच इडली समजू नये. बाबा दारात पोचेपर्यंत ताट वाढलेलं असायचं. घड्याळ आमच्याकडे होतं, पण त्याच्याकडे बघतंय कोण.

बाबा कारखान्यात फिटर होते. यंत्राच्या आत काय बिघडलंय ते ऐकायची त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांनी मला शिकवली, कारण ताईला हाडांपुढे वेळ नव्हता. लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा. टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. "आता तोंड बंद ठेव मंदे," बाबा म्हणायचे, "आन् सोताच्या मनातलं बी बंद ठेव. मशीन आपल्या तोंडानं सांगते तिले काय दुखून राहिलं ते." मी मग घरभर पेचकस घेऊन फिरायची. आईच्या मशीनला लावला तर तुटक्या दाताची ठेच थेट डोक्यात लागायची. चांदीच्या बरगडीला लावला तर पोटात चारा फिरताना ऐकू यायचा आणि ती ओरडली तर कानाचे पडदे फाटायचे. आई म्हणायची, "पोरगी आहे का वैद्य?" आज माझा एक कान जवळजवळ गेला आहे. डॉक्टर वयाला दोष देतात. मी चांदीला देते.

गाडी आली ती अशी. वाढीव पगाराची थकबाकी बाबांच्या हातात एकदम पडली, आणि त्याच महिन्यात कारखान्यातल्या एका साहेबाची दूर कुठेतरी बदली झाली. साहेबाची जुनी, गोल पाठीची, राखाडी गाडी नेण्यापेक्षा विकणं सोपं होतं. बाबांच्या मनात एक जुनं शल्य होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं तर ट्रकच्या हौद्यात उभं राहून, नाहीतर रेल्वेत दाराला लटकून. आपली माणसं एकदा तरी आपल्या गाडीत, बसून, खिडकीला हात टेकवून गेली पाहिजेत, असं ते म्हणत. म्हणून सायकल विकून तेही पैसे त्यात घालून त्यांनी गाडी घेतली. ती दारात उभी राहिली तेव्हा सगळी बस्ती जमली. पोट्ट्यांनी काचेला नाकं लावली. आई मात्र पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि बाजारात बैल बघावा तसं तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "अवो, हे खाते काय?"

"पेट्रोल," बाबा म्हणाले.

"आनखी?"

बाबा हसले. सगळेच हसले. मीही हसले, त्याचं मला आज नवल वाटतं, कारण आईनं तो प्रश्न मुळीच गमतीनं विचारला नव्हता.

त्या वर्षी आम्ही दीक्षाभूमीला गाडीतून गेलो, हे खरं. पांढऱ्या साड्या नेसून, मागच्या सीटवर शेजारच्या गोंदाबाईलाही घेऊन. बाबा एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसरा हात खिडकीवर टेकवलेला. तो दिवस मी कुणाला देणार नाही. पण परत आल्यावर गाडी खायला लागली. आधी टायर. मग विमा, म्हणजे काहीच झालं नाही तरी द्यायचे ते पैसे. मग बॅटरी. ती साहेबाच्या घरून येतानाच मरायला टेकली होती म्हणे. मग पावसात भिजू नये म्हणून टिनाची छपरी, छपरीसाठी लाकडी बल्ल्या, आणि एवढं सगळं करून उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या त्या वेगळ्याच. आणि जे गाडीला लागत नाही पण गाडीवाल्याला लागतं, ते तर कुणी आधी सांगतच नाही. जयंतीची वर्गणी आमच्याकडून दुप्पट मागू लागले, "तुमी तं गाडीवाले हाये बाप्पा!" आईच्या माहेरी, कोंढ्याला, लग्नात आहेर जड द्यावा लागू लागला. हरभरावाली आईशी घासाघीस करेनाशी झाली. सरळ तोंड फिरवायची. बस्तीत कुणाला ताप आला, कुणाचे दिवस भरले, की बाबांना हाक. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन परत आणलं तर पेट्रोलचे पैसे कोण विचारणार? लोक रिकाम्या हातानं येत नसत, एवढं मात्र खरं. पदरात लाखोळीची डाळ, सुकी मासोळी, एखादा कोहळा घेऊन येत. कोहळा टाकीत ओतता येत नाही, एवढंच काय ते.

माझा मुलगा अंकुर नागपुरात असतो. त्यानं गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. फोनवर मला सांगत होता, आई, हप्ता धरलाच होता, पण हे बाकीचं कुणी बोललंच नव्हतं. सर्व्हिसिंग, विमा, सोसायटीच्या पार्किंगचं भाडं. मी म्हटलं, बापा, तुझ्या आजीनं विचारलं होतं. त्याला वाटलं म्हातारी काहीतरीच बोलते.

पहिली गेली ती चांदी. मागचं टायर फाटलं आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी बाबा चांदीला दोरीनं ओढत घेऊन गेले. ती जाताना फाटक्या आवाजात ओरडत होती आणि मी कानात बोटं घातली होती. गोष्ट एवढीच. शेळ्या विकल्या जातात, त्यात काय. पण नवं टायर बसलं, बाबा आम्हाला चक्कर मारायला घेऊन निघाले, आणि पाळीच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी ओरडली. सुरुवात शेळीसारखी आणि शेवट बिजागरीसारखा. ताई हाडं म्हणता म्हणता थांबली. आईनं हातातला डबा घट्ट धरला.

"ब्रेकचं लायनर घासलं," बाबा म्हणाले, "बाकी काई नाई."

मी सीटखाली वाकून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पण मला चाऱ्याचा वास आला. ओल्या, चावलेल्या चाऱ्याचा, चांदीच्या तोंडाला यायचा तो. घरी आल्यावर आई परसात गेली आणि रिकाम्या खुंट्याजवळ थोडा वेळ उगाच उभी राहिली.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात भूत हा शब्द नव्हता. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर चौकटीत होत्या, आणि बाबांनी त्या आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेल्या. गोंदाबाई एकदा घाबरत घाबरत म्हणाली, "भाऊ, गाडीले एखांदं लिंबू..." तर बाबा असे कडाडले की ती कोहळा ठेवून पळालीच. "माह्या दारात लिंबू? माह्या?" त्यामुळे आम्हाला जे ऐकू येत होतं त्याला आमच्याकडे नावच नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीची भीती फार वाईट. ती कुणाला सांगता येत नाही. एका ताटात जेवणाऱ्या माणसांनाही नाही.

मग मशीन गेलं. बॅटरी, वायरी आणि विमा एकाच वेळी तोंड उघडून बसले होते. आईनं स्वतः मशीनवरचं तेल पुसलं, त्यावर आपल्या हातानं विणलेला रुमाल घातला आणि वरठीच्या एका शिंप्याला ते विकून टाकलं. ती म्हणाली, "डोळे बी दुखतेत आता." डोळे काही दुखत नव्हते. ती त्या दिवसानंतर दुपारी काय करायचं तेच न कळून तांदूळ निवडत बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. घर इतकं शांत झालं की बोडीवरचा बगळा पाय उचलून ठेवतो तेही ऐकू येईल असं वाटायचं.

चार दिवसांनी बाबा गाडी चालू करून उभे होते आणि मला म्हणाले, "मंदे, आन पेचकस. इंजिनातले टॅपेट वाजून राहिलेत का पाह्य." मी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. खट खट खट. मग ठेच. मग पुन्हा खट खट. मी आईला हाक मारली. आईनं ओले हात पदराला पुसले, पेचकस घेतला, आणि तिला कसा धरायचा ते कुणी शिकवलं नव्हतं तरी तिनं तो नीट धरला. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर आपलं हरवलेलं मूल खेळताना दिसावं, तसा तो झाला. तिनं पेचकस बाबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे माहं हाये."

"टॅपेट हाये ते," बाबा म्हणाले. पण त्यांनी पेचकस कानाला लावला नाही. फिटर माणूस, आयुष्यभर यंत्रं ऐकलेला, आणि त्या दिवशी त्यानं ऐकलं नाही.

याच सुमारास ताईची नर्सिंगच्या शाळेत निवड झाली. भंडाऱ्याला, तीन वर्षं, तिथंच राहायचं. आईनं मशीनवर शिवून शिवून ताईच्या फीचे पैसे जमवले होते आणि धानाच्या कोठीत, अगदी तळाशी, पिशवीत गुंडाळून ठेवले होते. फी भरायचा दिवस ठरलेला होता. नाही भरली तर जागा दुसरीला जाणार, आणि दुसऱ्या वर्षी ताईला मामाच्या ओळखीतल्या घरी देऊन टाकायचं हेही जवळजवळ ठरलेलं होतं. ताई ते कधी बोलून दाखवायची नाही. फक्त हाडं जरा जास्त मोठ्यानं म्हणायची.

आणि गाडी बसली. लाखांदूरकडून एका आजाऱ्याला सोडून येताना इंजिनातून धूर निघाला, बाबांनी ती कशीतरी ओढत घरी आणली. वरठीचा बब्बूभाई मिस्त्री आला, बॉनेट उघडून आत वाकला आणि वर न बघताच म्हणाला, "दादा, इंजिन खोलना पडेगा. पूरा." मग त्यानं किती लागतील ते सांगितलं. आईनं कोठीकडे बघितलं. आईनं बघितलं म्हणून बाबांनीही बघितलं.

जेवताना त्या दिवशी अंबाडीची भाजी आणि तांदळाची भाकर होती. बाबा म्हणाले, ताटाकडे बघत, "एकडाव इंजिन झालं का गाडी भाड्यानं लावतो मी. रविवारी, सुटीले. लग्नाचा सिझन येऊन राहिला. रेखीचे पैसे परत भरून देतो, कोठी भरून देतो."

"फी कवा भरा लागते?" आईनं विचारलं.

"पुढच्या साली बी निवड होईल. हुशार आहे पोरगी."

ताई म्हणाली, "द्या आई. मी जाईन पुढच्या वर्षी." आणि भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तशीच धरून बसली. तिला चिमटा काढावा, तिच्यावर ओरडावं, असं मला झालं होतं. काहून द्या? कायले द्या? तुझे पैसे आहेत ते! पण मला पैशांची भीती वाटतच नव्हती. मला भीती वाटत होती ती वेगळीच. शेळी गेली आणि गाडीत शेळी बोलू लागली. मशीन गेलं आणि मशीन बोलू लागलं. आता ताईचे पैसे जाणार होते. उद्या पेचकस लावल्यावर गाडीच्या पोटातून हाडांची नावं ऐकू आली तर? आणि ओट्यावर बसलेली ताई गप्प, फक्त ओठ हलवणारी, असं मला डोळ्यांसमोर दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बब्बूभाई इंजिन खोलायला यायचा होता. ऊन असं होतं की कवेलू तडतडत होते. आई आणि ताई आत होत्या, कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज मला आला. बाबा छपरीत गाडीजवळ उभे होते, हाताची घडी घालून. मी पेचकस घेतला आणि छपरीत गेले. गाडी बंद होती. कालपासून बंद होती, इंजिन थंडगार, बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली. बंद गाडीला पेचकस कोण लावतं? पण मला आधीच ऐकायचं होतं, ताई तिच्यात शिरली आहे का नाही ते. मी टोक लोखंडाला टेकवलं. तोंड बंद ठेवलं. मनातलं बंद ठेवायचा प्रयत्न केला.

पहिल्यांदा काहीच नाही. माझ्याच कानातलं रक्त. मग फार दूर, पाळीच्या वळणाइतकं दूर, एक बारीक सूर. तो जवळ येऊ लागला. वर वर चढत, चढत, आणि टोकाला जाऊन सोडून दिलेला. मग पुन्हा. आणखी जवळ.

मी मान वर केली. बाबा माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"बाबा, तुमी शिटी वाजवली?"

"नाई."

"कवापासून नाई वाजवली?"

ते हसायला गेले. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, जशी चावी कुठे ठेवली ते आठवताना येते. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. गाडी आल्यापासून त्यांनी किती ओव्हरटाइम केला होता, त्यांच्या गालाची हाडं कशी वर आली होती, ताई ज्यांची नावं घ्यायची ती सगळी हाडं. ते रोज घरी येत होते, गाडीनं, दार आपटून. आई ताट वाढायला विसरू लागली होती आणि आम्ही तिलाच बोल लावत होतो. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की तिला कळवणारं काही उरलंच नाही. आम्ही पुढे कोण जाणार म्हणून घाबरत होतो, आणि जाणारा सगळ्यांत आधी गेला होता, पहिल्याच दिवशी, सायकलसोबत.

बाबांनी ओठ पुढे केले. नुसती हवा आली. त्यांनी जिभेनं ओठ ओले केले आणि पुन्हा फुंकलं. हवा. तिसऱ्यांदा त्यांनी केलं नाही. त्यांनी माझ्या हातातून पेचकस घेतला, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि टोक त्या थंड इंजिनावर टेकवलं. ते किती वेळ तसे उभे होते मला सांगता येणार नाही. बोडीवर एकही बेडूक ओरडत नव्हता. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि अंगावर मात्र काटा उभा होता, दोन्ही एकाच वेळी, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"मंदे," ते म्हणाले, "गाडी बंद हाये ना?"

"हाव, बाबा."

"मंग बंदच राहू दे."

ते घरात गेले. कोठीजवळ आई पिशवी हातात घेऊन उभी होती. त्यांनी ती पिशवी तिच्या हातातून घेतली, एकदा उघडून बघितली, आणि ताईच्या हातात दिली. "जा," म्हणाले, "आज जा. उद्यावर टाकू नको." ताई काहून काहून करत होती तर त्यांनी तिला जवळजवळ ढकलूनच एसटीच्या थांब्याकडे नेलं. आई मागून पायात चप्पल न घालताच धावत गेली. फी त्याच दिवशी भरली गेली. बब्बूभाई आला तेव्हा घरात मी एकटी होते, त्याला मी पाणी दिलं आणि सांगितलं, गाडी नाही करायची. तो म्हणाला, "अच्छा किया," आणि एवढं बोलून गाडीकडे पाठ न करता, मागं मागं सरकत छपरीच्या बाहेर पडला. त्याला काय ऐकू आलं होतं ते मी विचारलं नाही.

भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन आला, मिळतील त्या पैशांत. साखळी बांधली, गाडी हलली. बस्ती पुन्हा जमली होती, पण या वेळी कुणी काचेला नाक लावलं नाही. आम्ही चौघं दारात उभे होतो, आई, ताई, मी आणि मध्ये बाबा. ट्रॅक्टर फटफटत निघाला, आणि त्याच्या त्या गोंगाटाखालून आम्ही सगळ्यांनी ऐकलं, पेचकसाशिवाय. शिटी. आधी दारात, मग दूर, मग पाळीच्या वळणावर, मग बारीक. रोज ज्या वाटेनं ती यायची त्याच वाटेनं ती उलटी गेली. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. आई नकळत चुलीकडे वळली होती भात उतरवायला, आणि अर्ध्यात थांबली.

ताई नर्स झाली. पवनीच्या दवाखान्यात तिनं अर्धं आयुष्य काढलं, किती पोरं तिच्या हातांवर जन्मली त्याला गणती नाही, आणि हाडांची नावं ती आजही झोपेत बडबडते असं भाऊजी सांगतात. तिचा आवाज वाचला. आईनं पुढे दुसरं मशीन घेतलं, धड चालणारं, आणि ते तिला कधी आवडलं नाही. बाबांनी जुनी सायकल घेतली. वळणावर आले की ते घंटी वाजवायचे, बराच वेळ, थांबून थांबून. आई ताट वाढायची. शिटी त्यांना पुन्हा कधी आली नाही. शेवटच्या आजारपणात ताई त्यांच्या उशाशी होती, ती म्हणते, बाबा ओठ पुढे करून पडले होते आणि ती त्यांना वारंवार पाणी पाजत होती, तहान लागली समजून.

मी हे सगळं आत्ताच का लिहायला घेतलं ते सांगते. मागच्या महिन्यात मी अंकुरकडे राहायला गेले होते. हा पोरगा लहानपणापासून जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडत यायचा, "आई, आलो वो!" कॉलेजात गेला तरी, नोकरीला लागला तरी. मी भंडाऱ्याला आणि तो नागपुरात, तरी दर शनिवारी फाटकातून तीच आरोळी. गाडी घेतल्यापासून त्याचे शनिवार बंद झाले. म्हणतो, आई, जादा काम घेतलंय, हप्ता आहे ना. म्हणून मीच गेले. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, मागं वळले तर तो खुर्चीत बसलेला. कधी आला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बापा, आवाज तं देत जा." त्याच्या कपाळावर बाबांची ती आठी आली.

तो कामाला मेट्रोनं जातो. पेट्रोल आणि तिकडचं पार्किंग परवडत नाही म्हणून. गाडी खाली उभी असते. दुपारी मी त्याच्या खणातून पेचकस काढला, प्लास्टिकच्या मुठीचा, लहानसा, आणि लिफ्टनं तळघरात गेले. माणूस नव्हता. ट्यूबलाइट भणभणत होती. त्याची निळी गाडी इतकी नवी की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. मी टोक पत्र्याला टेकवलं आणि मूठ चांगल्या कानामागं लावली. गुडघे दुखत होते, तरी मी हलले नाही. तोंड बंद ठेवलं.

पहिल्यांदा काहीच नाही. माझं रक्त. मग फार खालून, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून यावं तसं, लहान मुलाच्या आवाजात, धापा टाकत,

"आई, आलो वो!"

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ये बापा. हातपाय धू."